विहिरीतून टँकवर: ५० आणि १०० मीटरच्या शर्यतीआधीचं वॉर्मअप

गावच्या विहिरीत, बोडीत (लहान तळ्यात) नाहीतर मामा (माजी मालगुजारी) तलावात पोहायला शिकलेली पोरं-पोरी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेला येतात, तेव्हा ताकदीत आणि दमात सहसा कमी नसतात. मागे पडतात ती पहिल्या पंधरा-वीस मीटरमध्ये. सूर मारायची जुनी सवय हे त्याचं एक कारण, आणि ती मोडायला महिने लागतात. दुसरं कारण एका दिवसात दुरुस्त होतं: ती थंड अंगानं ब्लॉकवर, म्हणजे सूर मारायच्या ओट्यावर, चढतात. वॉर्मअप झालेलं असतं, पण ते सकाळी साडेआठला. शर्यत लागते सव्वादहाला. मधला पावणेदोन तास ओल्या चड्डीवर, सिमेंटच्या पायरीवर बसून जातो.

म्हणून वॉर्मअप कसं करायचं याच्याइतकंच ते टिकवायचं कसं, हेही इथे सांगितलं आहे.

आधी थोडं कारण समजून घ्या

स्नायूचं तापमान एका अंशानं वाढलं की झटक्यानं लावायची ताकद साधारण २ ते ५ टक्क्यांनी वाढते. हालचाल सुरू केल्यावर पहिल्या ३ ते ५ मिनिटांत स्नायू झपाट्यानं तापतो आणि १० ते २० मिनिटांत जिथवर तापायचा तिथवर पोचतो. थांबलात की उलटा प्रवास सुरू. पंधरा-वीस मिनिटांत बरीच कमाई निघून जाते, आणि अंग ओलं असेल तर त्याहून लवकर, कारण पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगानं उष्णता ओढून नेतं.

२०० मीटरवर घेतलेल्या चाचण्यांमध्ये वॉर्मअपनंतर १० ते २० मिनिटांत पोहलेले जलतरणपटू ४५ मिनिटं थांबून पोहलेल्यांपेक्षा सुमारे दीड टक्क्यानं वेगवान निघाले. १०० मीटरला ७० सेकंद लागणाऱ्या मुलानं हाच हिशेब स्वतःला लावला तर तो एक सेकंद होतो. जिल्ह्याच्या एखाद्या हीटमध्ये (एका वेळी पाण्यात उतरणाऱ्या गटात) एका सेकंदात दोन-तीन जण भिंतीला हात लावून मोकळे होतात.

## १. आठवडाभर आधी: सामान आणि कागद

- पोहायची चड्डी किंवा कॉस्च्यूम दोन: एक वॉर्मअपला, एक कोरडा शर्यतीला
- टोपी आणि चष्मा (चष्म्याचा दुसरा जोड असलाच पाहिजे)
- टॉवेल दोन, जाड चादर एक
- स्वेटर, फुल पँट, लोकरी टोपी, मोजे, चप्पल. ऑगस्टमधली स्पर्धा असली तरी हे न्यायचंच
- सेकंद दाखवणारं घड्याळ, दोन लिटर पाणी
- सायकलची जुनी ट्यूब, उडी मारायची दोरी
- कागद: शाळेचं ओळखपत्र किंवा बोनाफाईड, जन्माचा दाखला, आधार, फोटो, आणि शाळेकडून भरून आलेला प्रवेश अर्ज. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. वयाची कटऑफ तारीख त्या वर्षीच्या परिपत्रकात असते, ती क्रीडा शिक्षकांकडून आपल्या डोळ्यांनी वाचून घ्या.

ट्यूबबद्दल थोडं सविस्तर. दुकानातला रबरी पट्टा महाग पडतो, आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे २६ इंची जुनी ट्यूब फुकटसुद्धा मिळते. वॉल्व्हच्या दोन्ही बाजूंनी कापून तो तुकडा फेकून द्या, सुमारे दोन मीटरचा पट्टा हाती येतो. आतली पांढरी भुकटी साबणानं धुऊन काढा, नाहीतर घामट हातातून पट्टा सटकतो. मग वीतभर वीतभर ताणून उजेडात बघा. उन्हात पडलेल्या ट्यूबवर बारीक भेगा दिसतात, ती घेऊ नका. ठिगळ असेल तर तेवढा भाग कापून टाका, कारण ठिगळ स्वतः ताणत नाही, सगळा ताण त्याच्या कडेवर येतो. ट्यूब तिथेच फाटते आणि सणकून तोंडावर बसते.

## २. आदली रात्र आणि सकाळ

नवीन काहीही स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. विशेषतः चष्मा. पट्टा घरीच बेतून ठेवा, आणि चष्म्याचा पट्टा टोपीखाली जाईल असा घाला. सूर मारताना मान वर राहिली की चष्मा गळ्यात येतो आणि मग पुढचं सगळं पोहणं आंधळ्यासारखं होतं.

शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी हलकं खा: भाकर-वरण, पोळी-भाजी, नाहीतर साधे पोहे. तर्री नको. तेल आणि तिखट पोटात असताना जोरात पोहलं की आंबट ढेकरा येतात आणि श्वासाची लय बिघडते. तर्री शर्यतीनंतर खा, तेव्हा ती गोडही लागते. तासभर आधी एखादं केळं किंवा दोन-तीन खजूर चालतात.

पहाटेच्या एसटीत किंवा काळी-पिवळीत दाटीवाटीनं दोन तास बसून आलात तर कंबर, मांड्या आणि खांदे आखडतात. उतरल्यावर थेट पाण्यात जाऊ नका. दहा मिनिटं नुसतं चाला. प्रवेशपत्रिका, लेन, जेवण, पिशव्या कुठे ठेवायच्या, ही कामं चालता चालताच होतात.

## ३. टँक बघून घ्या

टँक २५ मीटरचा की ५० चा, हे आधी विचारा. २५ मीटरच्या टँकमध्ये ५० मीटरच्या शर्यतीला एक वळण येतं, आणि विहिरीत शिकलेल्याला वळणाचीच सवय नसते.

ब्लॉकखालची खोली बघा. ब्लॉकवरून सुरुवात करायची असेल तर भिंतीपासून ६ मीटरपर्यंत किमान १.३५ मीटर खोल पाणी हवं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या छातीच्या वर. विहिरीत आपण सरळ खाली घुसतो, कारण खाली पाणीच पाणी असतं. टँकमध्ये तसा सूर मारला तर कपाळ तळाला लागतं. पाणी उथळ वाटलं तर उभ्या उडीनं उतरा आणि शर्यतीत भिंतीला धरून पाण्यातून सुरुवात करू द्यावी, अशी पंचांना विनंती करा. त्यात कमीपणा नाही.

भिंत पायाला शेवाळलेली लागते का, ब्लॉक डुगडुगतो का, उताण्या पोहण्याच्या झेंड्या भिंतीपासून ५ मीटरवर लावल्या आहेत का, हेही बघून घ्या. झेंडीपासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात, ते वॉर्मअपमध्येच मोजायचं.

## ४. घड्याळ उलटं लावा

वेळ शर्यतीपासून मागे मोजायची.

७५ मिनिटं आधी पोचलेले असा. ६० मिनिटं आधी जमिनीवरचा व्यायाम. ५० ते ३० मिनिटं आधी पाण्यात. ३० ते १० मिनिटं आधी कोरडे आणि झाकलेले. शेवटच्या दहा मिनिटांत जमिनीवर पुन्हा अंग तापवायचं.

अडचण अशी की शर्यतीची वेळ कागदावर एक आणि टँकवर दुसरी असते. उद्घाटनाच्या वेळेवर तर अजिबात विसंबू नका. पाहुणे येतात, हारतुरे होतात, दोन शब्द बोलायला उठलेले वीस मिनिटं बोलतात. आपल्या आधी किती शर्यती आणि किती हीट आहेत ते मोजा. ५० मीटरच्या एका हीटला, पोरं बाहेर पडून पुढची उभी राहीपर्यंत, साधारण ३ मिनिटं धरा, १०० मीटरला ४. त्यावरून आपली वेळ काढा. पहिल्या तीन-चार हीट झाल्या की अंदाज पुन्हा जुळवा, कारण प्रत्येक टँकची चाल वेगळी असते.

## ५. जमिनीवर ८ ते १० मिनिटं

३ मिनिटं दोरीवरच्या उड्या किंवा जागच्या जागी धावणं, बोलता येईल इतपतच. मग हात पुढून आणि मागून गोल फिरवणं, प्रत्येकी १५. पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, प्रत्येकी १०. उठाबशा १०. पाय पुढे टाकून वाकणं, प्रत्येक पायाला ५. ट्यूब कडुनिंबाच्या बुंध्याला किंवा खिडकीच्या गजाला अडकवून, कमरेतून वाकून, पोहताना पाणी ओढतो तशी ओढायची: १० वेळा सावकाश, ५ वेळा झपकन.

इथे दोन चुका हमखास दिसतात. पहिली, एकच ताण मिनिट-दीड मिनिट धरून ठेवणं. इतका वेळ ताणलेला स्नायू काही काळ झटका कमी देतो, म्हणून शर्यतीआधी झुलवायचं, लांब ताणून धरायचं नाही. दुसरी चूक जास्त वाईट: मित्रानं मागून दोन्ही हात धरून पाठीमागे खेचणं. बघायला जोरदार दिसतं, पण त्यानं खांद्याचा सांधा पुढून सैल पडतो आणि पुढे महिनाभर दुखतो.

## ६. पाण्यात १५ ते २० मिनिटं

रोज दोन-अडीच किलोमीटर पोहणाऱ्यासाठी ८०० मीटर:

- २०० मीटर आरामात, हवी ती शैली
- ४ वेळा ५० मीटर: अर्धं अंतर हाताची घडण सुधारत, अर्धं नेहमीसारखं; मध्ये १५ सेकंद
- १०० मीटर फक्त पाय
- ४ वेळा २५ मीटर: सावकाश सुरू करून शेवटी जोरात, मध्ये ३० सेकंद
- ४ वेळा २५ मीटर: पहिले १५ मीटर पूर्ण जोर, उरलेले तरंगत, मध्ये एक ते दीड मिनिट
- १०० मीटर आरामात

आठवड्यात तीन-चारदाच टँक मिळणाऱ्यानं ८०० च्या मागे लागू नये. त्याला ४०० पुरे: १०० आरामात, ४ वेळा २५ हाताची घडण, ५० पाय, २ वेळा २५ वाढत्या वेगानं, २ वेळा १५ मीटर पूर्ण जोर आणि पुढे तरंगत, शेवटी ५० आरामात. शेजारच्या लेनमधला शहरी क्लबचा मुलगा दीड किलोमीटर पोहतोय म्हणून आपणही पोहलो, की शर्यत वॉर्मअपमध्येच संपते.

जोराच्या तुकड्यांमध्ये विश्रांती पूर्ण घ्या. पहिल्या आठ-दहा सेकंदांच्या झटक्याला लागणारा साठा स्नायूत मोजकाच असतो. तो अर्धा भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं. श्वास न सावरता एकामागून एक तुकडे मारले तर वेगाचा सराव होत नाही, नुसती दमछाक होते.

नाडी मोजायला शिका. भिंत धरून, मानेच्या बाजूला दोन बोटं हलकेच ठेवून १० सेकंद मोजा. आरामाच्या पोहण्यानंतर २० ते २२ ठोके आले तर ठीक. वाढत्या वेगाच्या तुकड्यांनंतर २५-२६ पर्यंत जाऊ द्या. सुरुवातीलाच २७-२८ येत असतील तर तुम्ही घाबरलात किंवा घाई करताय.

लेनमध्ये गर्दी असते. आठ-दहा जण एका लेनमध्ये असले तर उजवीकडून जायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं, मध्ये थांबायचं नाही. ब्लॉकवरून सूर फक्त त्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या लेनमध्ये. खाली कोणी भिंतीला लटकलेलं नाही ना, हे वाकून बघितल्याशिवाय उडी नाही.

आणि एक गोष्ट अजिबात नको: भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखालून टँक पार करायची पैज. विहिरीत तळाची माती आणायची पैज लावणाऱ्यांना ही खोड असते. भराभर श्वासोच्छ्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घ्यायची ओढच लागत नाही. प्राणवायू मात्र संपत असतो. माणूस गुदमरल्याची जाणीव न होताच बेशुद्ध पडतो, तेही पाण्याखाली.

## ७. पाण्याबाहेर: इथेच शर्यत हातची जाते

बाहेर आल्यापासून पाच मिनिटांत हे सगळं झालं पाहिजे: डोकं कोरडं, अंग कोरडं, ओली चड्डी काढून शर्यतीची कोरडी चढवलेली, त्यावर पँट, स्वेटर, मोजे, डोक्यात लोकरी टोपी. बसायचं ते घडी केलेल्या चादरीवर. सकाळचं सिमेंट, विशेषतः पावसाळ्यात, मांड्यांमधली ऊब शोषून घेतं, आणि पायाची लाथ मांडीतूनच निघते.

लोक हसतील. ऑक्टोबरच्या उन्हात लोकरी टोपी घालून बसलेला मुलगा विनोदी दिसतो खरा. हसू द्या.

दर आठ-दहा मिनिटांनी उठून जरा हिंडा. नाव पुकारलं की कळावं म्हणून एका मित्राला पंचांच्या टेबलाजवळ उभं करा आणि ‘आपल्या आधी चार हीट राहिल्या की सांग’ असं बजावून ठेवा. निरोप आला की स्वेटर न काढता हे करा: हात गोल फिरवणं २०, उठाबशा १०, ट्यूब झपकन १०, उभ्या उंच उड्या ४ अशा दोन वेळा, मग मिनिटभर जागच्या जागी धावणं, थोडी धाप लागेपर्यंत. शर्यतीच्या तीन-चार मिनिटं आधी थांबा, म्हणजे तो झटक्याचा साठा पुन्हा भरतो.

कार्यक्रम लांबला तर? वीस-पंचवीस मिनिटांनी लांबला, तर शेवटचा हाच भाग पुन्हा करा. पाऊण तासाहून जास्त लांबला आणि पाणी मोकळं असेल, तर १०० ते २०० मीटर आरामात आणि दोन छोटे झटके, मग पुन्हा कोरडं होणं. त्यासाठी कोरडा कपडा उरलेला हवा, म्हणून टॉवेल दोन.

मे महिन्यातल्या स्पर्धांचं गणित उलटं. बाहेर ४४-४५ अंश असताना अंग थंड पडायची भीती नसते, तापून गळून जायची असते. पाण्यातला भाग निम्मा करा, सावलीत बसा, डोक्यावर ओला दुपट्टा, पायात चप्पल (टँकच्या फरशीनं तळवे पोळतात) आणि घोट-घोट पाणी. पाण्यातही घाम येतो, फक्त दिसत नाही.

## ८. वॉर्मअपला पाणीच मिळालं नाही तर

लहान टँकवर हे नेहमी होतं. मग जमिनीवरचाच व्यायाम १५ मिनिटांचा करा: ५ मिनिटं दोरी आणि धावणं, ५ मिनिटं हातपाय झुलवणं आणि उठाबशा, ३ मिनिटं ट्यूब, शेवटी तीन-चार जोराच्या उड्या. पाण्याची जाणीव यातून मिळत नाही, ऊब मात्र मिळते. तोंड, मान आणि मनगटं टँकच्या पाण्यानं भिजवून घ्या, म्हणजे उडी मारताच श्वास अडकत नाही.

जवळ कालवा आहे म्हणून तिथे जाऊन दोन हात मारून यायचा मोह टाळा. गोसीखुर्दसारख्या मोठ्या प्रकल्पांच्या अस्तर केलेल्या कालव्यांत काठ तिरपे आणि गुळगुळीत असतात. ओढ लागली तर वर चढायला पकडायला काही सापडत नाही.

## ९. ब्लॉकमागे

आपल्या आधीची हीट वळणावर असताना कपडे उतरवा, त्याआधी नाही. पंचांच्या छोट्या-छोट्या शिट्ट्या म्हणजे तयार व्हा. लांब शिट्टी झाली की ब्लॉकवर चढायचं. ‘टेक युअर मार्क्स’ ऐकलं की वाकून स्थिर व्हायचं आणि इशारा होईपर्यंत हलायचं नाही. आधी उडी गेली तर बाद, दुसरी संधी नसते. उताण्या शर्यतीत पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात उतरायचं, दुसरीला भिंतीशी यायचं.

त्याच दिवशी दुसरी शर्यत असेल तर पहिली झाल्यावर २०० ते ३०० मीटर आरामात पोहा. पाणी मिळालं नाही तर दहा मिनिटं चाला आणि मग पायरी ७ पासून सुरू करा.

## १०. हे आपल्याला लागू पडतं का, ते मोजा

हे खरं तर स्पर्धेच्या तीन आठवडे आधी करायचं, पण वरचं कळल्याशिवाय करता येत नाही म्हणून शेवटी. ५० यार्डांवर (सुमारे ४६ मीटर) घेतलेल्या एका चाचणीत सरासरी लांब वॉर्मअपच्या बाजूनं गेली, तरी काही जणांची सर्वात चांगली वेळ छोट्या वॉर्मअपनंतर आली, काहींची तर काहीच न करता. तुम्ही कोणत्या गटातले, हे घड्याळच सांगेल.

सहा दिवस निवडा, सलग नको, पण वेळ तीच. तीन दिवस ८०० चं वॉर्मअप, तीन दिवस ४०० चं, आलटून पालटून. वॉर्मअपनंतर दर वेळी २० मिनिटं कोरडे राहा, शेवटचा जमिनीवरचा भाग करा आणि ५० मीटर पूर्ण जोरात. घड्याळ एकाच माणसानं धरायचं, कारण हातानं धरलेल्या घड्याळात दोन-तीन दशांश सेकंदांचा फरक सहज पडतो. त्यामुळे एकेका दिवसाची तुलना करू नका, तीन-तीन दिवसांची सरासरी काढा. सरासरीत दोन दशांशांपेक्षा कमी फरक आला तर दोन्ही वॉर्मअप सारखीच समजा, आणि छोटं निवडा. वहीत वेळेसोबत पाणी गार होतं की कोमट, आदल्या रात्री किती झोप झाली आणि सकाळी काय खाल्लं, हेही लिहून ठेवा.